काचेच्या कडेवरचा वारा : मोटारसायकलच्या विंडस्क्रीनची पाऊणशे वर्षे

१/
१३ सप्टेंबर १९४८. अमेरिकेच्या यूटा राज्यातील बॉनव्हिलचे मिठाचे पठार. रॉली फ्री नावाचा सत्तेचाळीस वर्षांचा स्वार व्हिन्सेंट मोटारसायकलवर पोटावर आडवा झाला आहे. पाय मागे सरळ ताणलेले, हनुवटी टाकीला जवळजवळ टेकलेली. अंगावर पोहण्याची चड्डी, डोक्यावर पोहण्याची टोपी, पायात कॅनव्हासचे बूट. बाकी काही नाही. आधीच्या फेऱ्यांत चामड्याचा पोशाख वाऱ्याने उसवला होता, म्हणून त्याने तो उतरवूनच टाकला. त्या फेरीत वेग नोंदला गेला ताशी १५०.३१३ मैल, म्हणजे सुमारे २४२ किलोमीटर.

२/
ते छायाचित्र मोटारसायकलच्या इतिहासातले बहुधा सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र असेल. वाऱ्याशी लढण्याचा सर्वांत जुना उपाय त्यात दिसतो : आपणच लहान व्हावे. विक्रमासाठी तो पुरेसा होता. परंतु पुण्याहून कोल्हापूरला निघालेल्या माणसाला असे आडवे पडून जाता येत नाही. त्याला ताठ बसावे लागते, आरसे पाहावे लागतात, मागे कुणी बसलेले असते. अशा माणसासाठी वारा अडवणारी काच कशी असावी, या प्रश्नाचा इतिहास वेगाच्या विक्रमांइतका गाजलेला नाही. या थ्रेडचा विषय तोच आहे.

३/
आधी वाऱ्याचे वजन पाहू. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० किलोमीटरला ताठ बसलेल्या स्वाराच्या अंगावर येणारा दाब जेमतेम सात किलो वजनाइतका भरतो. ताशी १०० ला तोच पंचवीस ते तीस किलोंच्या घरात जातो. वेग दुप्पट, जोर चौपट. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत सामान्य मोटारसायकलींचा रोजचा वेग पहिल्या आकड्याच्या आसपास होता. म्हणून त्या काळच्या स्वाराचे समाधान जाड कोट, गॉगल आणि हातमोजे यांवर होत असे. त्याचा शत्रू थंडी आणि धूळ हा होता. वाऱ्याचा दाब नंतर आला.

४/
काचा होत्याच. साइडकारच्या पुढे, टपाल आणि पोलिसांच्या गाड्यांवर त्या दिसत. खरी काच जड आणि फुटली तर चेहऱ्यावर येणारी, म्हणून सेल्युलॉइडचे पारदर्शक पत्रे वापरले जात. सेल्युलॉइड उन्हाने पिवळे पडते, त्याला तडे जातात आणि ते झटकन पेट घेते. म्हणजे पेट्रोलच्या टाकीपुढे ज्वालाग्राही पत्रा! तेव्हाच्या स्वारांना यात विशेष काही वाटत नसावे.

५/
पालट झाला तो रसायनशास्त्रामुळे. १९३० च्या दशकात जर्मनीत ओटो रोम यांच्या कंपनीने आणि इंग्लंडमध्ये आयसीआयने ॲक्रिलिकचे पारदर्शक पत्रे बाजारात आणले. पहिल्याचे नाव प्लेक्सिग्लास, दुसऱ्याचे पर्स्पेक्स. महायुद्धात याच पदार्थाची स्पिटफायर विमानांवरची वैमानिकाची छत्री झाली. युद्ध संपले तेव्हा हा पदार्थ कारखान्यांच्या हाताखाली आला होता. हलका, काचेइतका स्वच्छ, तापवून हवा तसा वाकवता येणारा. मोटारसायकलपुढे मोठी, वळणदार काच बसवणे आता सहज शक्य होते.

६/
आणि येथेच मूळ अडचण सुरू होते. काच बसवली की छातीवरचा दाब जातो, हे प्रत्येकाला कळते. पण अडवलेला वारा नाहीसा होत नाही. तो काचेच्या कडेवरून उसळतो आणि कडेच्या मागे भोवरे सोडत जातो. पावसाळ्यात पुलाच्या खांबामागे पाणी कसे आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे गरगरते, ते आठवावे. खांबाच्या पुढचे पाणी संथ असते, खांबाच्या अगदी मागेही थोडे शांत असते. खळबळ असते ती त्या दोहोंच्या सीमेवर आणि पुढे वाहत जाणाऱ्या शेपटात.

७/
या भोवऱ्यांचा हिशेब मोटारसायकलपेक्षा जुना आहे. चेक भौतिकशास्त्रज्ञ विन्सेंट्स स्ट्रोहाल यांनी १८७८ मध्ये वाऱ्यात गुणगुणणाऱ्या तारांचा अभ्यास केला आणि स्वराची पट्टी वेग व जाडी यांवर ठरते हे दाखवले. १९११ च्या सुमारास गॉटिंगेनमध्ये थिओडोर फॉन कार्मान यांनी आळीपाळीने सुटणाऱ्या भोवऱ्यांच्या दुहेरी रांगेचे गणित मांडले. ते सूत्र ४० सेंटिमीटर रुंदीच्या काचेला लावले, तर ताशी १०० किलोमीटरला सेकंदाला साधारण दहा ते पंधरा भोवरे निघतात. हिशेब ढोबळ आहे, पण अर्थ स्पष्ट आहे. हेल्मेट त्या शेपटात सापडले, तर डोक्याला सेकंदाला दहा-पंधरा तडाखे बसणार. यालाच स्वार 'बफेटिंग' म्हणतात.

८/
हे एकदा ध्यानात आले की एक विचित्र गोष्ट उलगडते. उघड्या मोटारसायकलवर वारा जोरात ढकलतो, पण सलग ढकलतो. मानेचे स्नायू त्या सलग दाबाशी जुळवून घेतात. चुकीच्या उंचीची काच बसवली की दाब कमी होतो आणि तडाखे सुरू होतात. नजर धूसर होते, मान अवघडते, हेल्मेटमध्ये नगारा वाजू लागतो. वारा अडवायला घेतलेली काचच तडाख्यांची जननी ठरते. पुढच्या साठ वर्षांत कारखान्यांनी याच एका गोष्टीभोवती प्रदक्षिणा घातल्या.

९/
या प्रदक्षिणांची सुरुवात शर्यतीच्या मैदानात झाली. १९५० मध्ये इटलीतील कोमो सरोवराकाठच्या मान्देल्लो देल लारियो गावी मोटो गुझ्झी कंपनीने स्वतःचे वातविवर, म्हणजे विंड टनेल, उभारले. वैशिष्ट्य असे की त्यात लहान प्रतिकृतीऐवजी पूर्ण आकाराची मोटारसायकल, वर स्वारासकट, उभी करता येत असे. आज ते इतिहासजमा आहे, पण त्या काळी मोटारसायकलच्या एखाद्या कारखान्याने आपल्या आवारात असे यंत्र बांधणे ही मोठीच झेप होती.

१०/
त्या अभ्यासातून 'डस्टबिन फेअरिंग' म्हणून ओळखले जाणारे कवच पुढे आले. पुढचे चाक, इंजिन, स्वाराचे हात, सगळे एका अंडाकृती टोपाखाली. नाव कचऱ्याच्या डब्यावरून पडले, आणि ते दिसायलाही फार वेगळे नव्हते. ज्युलिओ कार्कानो यांच्या आठ सिलिंडरच्या गुझ्झीने याच कवचाच्या आधारे ताशी २७५ किलोमीटरच्या आसपास मजल मारली. अवघ्या ५०० सीसीच्या इंजिनावर!

११/
परंतु वातविवरात वारा समोरून येतो. रस्त्यावर तो बाजूनेही येतो. भिंतींच्या आडोशातून उघड्यावर येताच डस्टबिनचे मोठे गाल शिडासारखे वागत आणि पुढचे चाक स्वाराच्या हातून ओढून नेत. शेवटी १९५७ च्या हंगामानंतर आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने, म्हणजे एफआयएमने, या कवचावर बंदी घातली. पुढचे चाक उघडे असावे आणि स्वार बाजूने दिसावा, असा दंडक आला. त्याच सुमारास गुझ्झी, जिलेरा आणि मोंदियाल या इटालियन कंपन्यांनीही शर्यतींतून अंग काढून घेतले. मागे उरले ते डॉल्फिनच्या तोंडासारखे, चाक उघडे ठेवणारे कवच. आजच्या स्पोर्ट बाइकचे रूप त्या नियमाचे अपत्य आहे.

१२/
या बंदीचा आणखी एक परिणाम फारसा सांगितला जात नाही. शर्यतीची काच आणि प्रवासाची काच यांचे मार्ग येथून वेगळे झाले. शर्यतीची काच ठेंगणी राहिली, कारण शर्यतीत स्वार काचेमागे वाकतो. ताठ बसणाऱ्या माणसाच्या डोक्याशी तिचे काही देणेघेणे नाही. आजही कित्येक तरुण स्पोर्ट बाइकची 'रेसिंग' काच पाहून भाळतात आणि मग महामार्गावर गळ्याशी आदळणाऱ्या वाऱ्याने हैराण होतात. तो दोष काचेचा नसतो. ती काच वाकलेल्या पाठीसाठी आहे.

१३/
प्रवाशाचा विचार इंग्लंडमध्ये आधी झाला, आणि तो करणाऱ्यांचे व्यावसायिक नशीब फळले नाही. फिलिप व्हिन्सेंट यांनी १९५४ च्या अखेरीस ब्लॅक नाइट आणि ब्लॅक प्रिन्स या मोटारसायकली जगापुढे ठेवल्या. इंजिन फायबरग्लासच्या कवचात झाकलेले, हँडलपुढे काच, पायांना आडोसा. नेहमीच्या कपड्यांत बसावे आणि न मळता उतरावे, अशी कल्पना. वर्षभरात, डिसेंबर १९५५ मध्ये, व्हिन्सेंटचे मोटारसायकलनिर्मितीचे काम थांबले. रॉली फ्रीने ज्या नावाच्या यंत्रावर कपडे उतरवून विक्रम केला, त्याच नावाची शेवटची यंत्रे कपडे सांभाळण्यासाठी घडली होती.

१४/
१९५८ मध्ये व्हॅल पेज यांनी रचलेली एरियल लीडर आली. २५० सीसीची लहान गाडी, पण काच आणि पायांचा आडोसा मूळ रचनेतच. त्याच काळात रॉयल एनफिल्डने एका ब्रिटिश मोटारसायकल नियतकालिकाच्या सहकार्याने केलेल्या प्रयोगांतून 'एअरफ्लो' नावाचे फायबरग्लासचे कवच विक्रीस आणले. रॉयल एनफिल्डचे नाव आपल्याकडे परके नाही. १९५५ पासून मद्रासमध्ये बुलेटची जुळणी सुरू झाली होती. मात्र भारतात आली आणि रुजली ती उघडी बुलेट. येथील रस्ते, येथील वेग आणि येथील उकाडा पाहता बंदिस्त कवचाची मागणी उठण्याचे कारणच नव्हते.

१५/
पायाच्या आडोशाची सवय भारताला लावली ती स्कूटरने. १९४६ ची व्हेस्पा रचणारे कोराडीनो दास्कानियो हे मुळात विमान अभियंता. त्यांनी पुढच्या पत्र्यालाच ढाल केले. बजाजच्या पुण्याच्या कारखान्यातून निघालेल्या स्कूटरींनी ती ढाल घराघरांत पोहोचवली. चिखल, पाऊस, वारा गुडघ्यापर्यंत अडवावा, एवढीच तिची प्रतिज्ञा होती. डोक्याचा प्रश्न ताशी ४० किलोमीटरला पडत नाही.

१६/
डोक्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने पडला अमेरिकेत, कारण लांबच लांब सरळ महामार्ग तेथे होते. १९६९ मध्ये हार्ले-डेव्हिडसनने इलेक्ट्रा ग्लाइडसाठी वटवाघळाच्या पंखांच्या आकाराचे कवच दिले. 'बॅटविंग' हे त्याचे नाव. ते पुढच्या फोर्कवर बसवलेले असल्यामुळे हँडलबरोबर वळते. ही गोष्ट लहान वाटते, पण महत्त्वाची आहे. फोर्कवरच्या कवचाला वाऱ्याचा धक्का बसला की तो थेट हँडलमध्ये उतरतो. चासीला जोडलेले कवच तो धक्का गाडीच्या अंगावर घेते, हाताला कमी जाणवू देते. हार्लेनेच पुढे १९८० च्या टूर ग्लाइडवर चासीला जोडलेले कवच दिले, आणि बॅटविंगही चालू ठेवले. आजतागायत दोन्ही पंथांचे अनुयायी आपापल्या बाजूने तावातावाने बोलतात.

१७/
याच काळात इलिनॉय राज्यात क्रेग व्हेटर नावाचा तरुण डिझाइनर स्वतःच्या हाताने कवचे घडवत होता. (ट्रायंफची देखणी एक्स-७५ हरिकेन त्याचीच.) १९७१ च्या सुमारास त्याने 'विंडजॅमर' बाजारात आणले. त्याची मेख अशी होती की कवच एकच. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोटारसायकलींसाठी केवळ चासीला जोडण्याचे सांगाडे वेगळे. होंडा घ्या, कावासाकी घ्या, बीएमडब्ल्यू घ्या, दर्शनी भाग तोच. हात झाकले जात, पाय झाकले जात, वर पर्स्पेक्ससारख्या पारदर्शक पत्र्याची मोठी काच. रॅन्टूल गावातल्या कारखान्याची ही वस्तू सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या प्रत्येक महामार्गावर दिसू लागली. १९७८ मध्ये व्हेटरने कंपनी विकली.

१८/
विंडजॅमरचे यश म्हणजे एका साध्या सत्याची पावती होती : स्वारांना काच हवी होती आणि कारखाने ती देत नव्हते. १९७५ ची होंडा गोल्ड विंग, लांबच्या प्रवासासाठी म्हणून गाजलेली गाडी, कारखान्यातून पूर्ण उघडी येत असे. घेणारे ती घेऊन थेट कवच बसवायला जात. होंडाला हे उमगायला पाच वर्षे लागली. १९८० च्या इंटरस्टेट या आवृत्तीवर कवच आणि सामानपेट्या कारखान्यातच बसू लागल्या. मग सुट्या कवचांचा धंदा आटणे ओघानेच आले.

१९/
परंतु विंडजॅमरने एक प्रश्नही मागे ठेवला. एकच आकार सर्व गाड्यांना लागू होतो, तेव्हा तो सर्व माणसांना लागू होतो का? आसनाची उंची प्रत्येक गाडीची वेगळी. हँडलची ठेवण वेगळी. स्वाराच्या धडाची लांबी वेगळी. काचेची कड आणि हेल्मेट यांच्यामधले अंतर तीन-चार सेंटिमीटरनेही बदलले, तरी वाऱ्याचे शेपूट डोक्यावरून जाण्याऐवजी कपाळावर येते. काच उत्तम असूनही एकाला स्वर्ग आणि दुसऱ्याला डोकेदुखी, हे गूढ येथे उकलते.

२०/
बीएमडब्ल्यूने उलट वाट धरली. १९७६ च्या आर१००आरएस या गाडीचे कवच हान्स मूट यांच्या हाताखाली इटलीत, तुरीनजवळच्या पिनिनफरिना कंपनीच्या वातविवरात घडले. कारखान्यातून पूर्ण कवचासह निघणाऱ्या आणि वातविवरात तासून काढलेल्या मोठ्या उत्पादनाच्या मोटारसायकलींत ती अग्रणी मानली जाते. रेषा इतकी नेटकी की आजही डोळे ठरतात.

२१/
तरीही १९७८ मध्ये कंपनीला आर१००आरटी ही दुसरी गाडी काढावी लागली. इंजिन तेच, कवच अधिक रुंद, काच अधिक उंच. आरएस किंचित पुढे झुकलेल्या स्वारासाठी होती. आरटी ताठ बसणाऱ्यासाठी. जगातल्या सर्वांत काटेकोर अभियंत्यांनाही एका कवचात दोन माणसे बसवता आली नाहीत. मोटारसायकलच्या वायुगतिकीचा इतिहास लिहिणारे आरएसचे गोडवे गातात आणि आरटीवर एक ओळ खर्च करतात. वास्तविक, प्रवासी स्वाराच्या दृष्टीने अधिक बोलकी गाडी आरटीच आहे.

२२/
पुढचे पाऊल तर्काला धरूनच पडले. माणूस बदलत नाही, तर काच हलवा. नव्वदच्या दशकात बीएमडब्ल्यूच्या मोठ्या प्रवासी गाड्यांवर बटण दाबताच वर-खाली सरकणाऱ्या विजेच्या काचा आल्या, आणि इतरांनीही तो मार्ग धरला. महामार्गावर काच वर, घाटात किंवा उकाड्यात खाली. स्वाराच्या उंचीचा प्रश्न कारखान्याने स्वाराच्याच अंगठ्यावर सोपवला.

२३/
आणि सर्वांत गमतीचा अध्याय पुन्हा बॅटविंगचा. १९६९ पासून त्या कवचामागे बसणाऱ्यांची एक तक्रार कायम होती : डोके थरथरते. २०१४ च्या मालिकेत हार्लेने कवचाचा नव्याने अभ्यास केला आणि काचेच्या तळाशी उघडझाप करता येणारे एक भोक ठेवले. काचेमागे हवेचा दाब कमी पडतो. त्या पोकळीत वरून, बाजूंनी वारा आत ओढला जातो आणि पाठीमागून पुढे ढकलल्यासारखे वाटते. तळातून थोडी हवा आत सोडली की पोकळी भरते, दोन प्रवाहांतला फरक कमी होतो आणि कडेवरचे भोवरे मवाळ होतात. वारा अडवण्याच्या साडेचार दशकांच्या खटाटोपाला उत्तर मिळाले ते थोडा वारा आत येऊ देण्यात.

२४/
हे सारे सुखचैनीचे नाही. त्यात कानांचा प्रश्न गुंतलेला आहे. हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज ताशी ६० किलोमीटरच्या आसपास साधारण ९० डेसिबल असतो, असे नव्वदच्या दशकातील ब्रिटिश मोजमापांतून दिसले. महामार्गाच्या वेगाला तो १०० च्या पुढे जातो. कामगारांच्या आरोग्यासाठीची अमेरिकी शिफारस अशी आहे की ८५ डेसिबलचा आवाज आठ तास, आणि १०० डेसिबलचा आवाज केवळ १५ मिनिटे सहन करावा. पुणे ते सातारा हा प्रवास १५ मिनिटांत होत नाही. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. आणि हा आवाज इंजिनाचा नसून हेल्मेटवर फुटणाऱ्या वाऱ्याचा असतो, म्हणजे काचेची कड चुकीच्या जागी असेल तर तो वाढतो.

२५/
भारतात हा प्रश्न उशिरा आला, कारण वेग उशिरा आला. २००३ ची हीरो होंडा करिझ्मा आणि २००७ ची, चाकणच्या कारखान्याशी नाते सांगणारी, बजाज पल्सर २२० या गाड्यांनी अर्धे कवच तरुणांच्या ओळखीचे केले. पल्सर २२० चे कवच हँडलबरोबर न वळता चासीला जोडलेले होते. पण काच लहान, कारण हेतू रूपाचा अधिक होता. २०१६ ची रॉयल एनफिल्ड हिमालयन छोट्या उभ्या काचेसह आली. २०२१ मध्ये बजाजने डॉमिनार ४०० वर उंच काच, हातांचे आडोसे आणि सामानाची सोय कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. होंडाने १९८० मध्ये जे केले, ते येथे चाळीस वर्षांनी घडले, आणि कारणही तेच : लोक गाडी घेऊन थेट ॲक्सेसरीच्या दुकानात जात होते.

२६/
महाराष्ट्रातील स्वाराची एक अडचण निराळी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव आहे. त्यामुळे त्याचा लांबचा प्रवास जुन्या महामार्गांवर, ट्रक आणि बसगाड्यांच्या संगतीने होतो. ट्रकच्या मागेही भोवऱ्यांचे शेपूट असतेच, फक्त अडीच मीटर रुंद. त्या शेपटात शिरल्यावर जगातली कोणतीही काच डोके स्थिर ठेवू शकत नाही. काच बदलण्याआधी आपण रोज कुणाच्या मागे चालतो, हे तपासणे शहाणपणाचे.

२७/
आता या इतिहासाकडून दुकानात काय नेता येते ते पाहू. सर्वांत आधी, असलेली काच काढून एक फेरी मारावी. काचेविना वारा जोराचा पण स्वच्छ लागला, तर तडाखे काचेच्या कडेचे आहेत हे नक्की. काचेविनाही डोके हलत असेल, तर दोष हेल्मेटच्या मापात, आरशांत, टँकबॅगमध्ये किंवा बसण्याच्या रीतीत असू शकतो. पुष्कळ लोक ही फुकटची परीक्षा टाळतात आणि एकामागून एक काचा विकत घेत राहतात.

२८/
मग उंची. दोनच जागा सुरक्षित आहेत. एक, इतकी ठेंगणी काच की शेपूट छाती-खांद्यांवर यावे आणि हेल्मेट स्वच्छ वाऱ्यात राहावे. दोन, इतकी उंच की शेपूट हेल्मेटच्या वरून जावे. मधली जागा, जेथे शेपूट हनुवटीपासून कपाळापर्यंत कुठेही आदळते, हीच छळाची. गंमत अशी की दुकानात सर्वांत देखणी दिसणारी काच बहुधा याच मधल्या उंचीची असते.

२९/
उंच काच घेतली तरी तिची कड साधारण नाकाच्या रेषेत यावी आणि रस्ता काचेवरून दिसावा, काचेतून नव्हे. वारा कडेवरून वर उसळतो, त्यामुळे कड डोळ्यांच्या खाली असूनही प्रवाह डोक्यावरून जाऊ शकतो. काचेतूनच पाहावे लागले, तर रात्री समोरच्या दिव्यांची फाकलेली तिरीप आणि पावसात थेंबांची जाळी यांनी रस्ता हरवतो. हेल्मेटची काच पुसता येते. ही चालत्या गाडीवर पुसता येत नाही.

३०/
उंचीइतकाच कल महत्त्वाचा, आणि त्याच्याकडे दुर्लक्षही तितकेच. काच उभी केली की वारा अधिक वर फेकला जातो, पण कडेमागची पोकळीही मोठी होते. मागे झुकवली की प्रवाह मऊ होतो, पण खालून जातो. पुष्कळ गाड्यांवर स्क्रूखाली दोन-चार वॉशर घालून कल बदलता येतो, काचेच्या तळाशी बोटभर फट ठेवता येते. ही फट म्हणजे हार्लेच्या त्या भोकाचे गरीब भावंड. मूळ काचेच्या वरच्या कडेवर चिमट्याने बसणारी दुसरी छोटी काच मिळते. तीही दोन्हींमध्ये फट ठेवते म्हणूनच उपयोगी पडते. फट न ठेवता चिकटवली, तर कड फक्त उंच झाली, भोवरे तसेच.

३१/
पदार्थ दोनच : ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट. दुसरा १९५३ मध्ये बायरच्या हेर्मान श्नेल आणि जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनिएल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे शोधला. ॲक्रिलिक स्वच्छ आणि ओरखड्यांना बरे, पण दगड लागला तर तुकडे होतात. पॉलिकार्बोनेट दगडाला दाद देत नाही, पण वरून कठीण लेप नसेल तर फडक्यानेही ओरखडते. पेट्रोल किंवा अमोनियायुक्त काचपुशी लावल्यास त्यात बारीक तडे उतरतात. दोन्हींसाठी भरपूर पाणी, मऊ कापड आणि सौम्य साबण. धुळीच्या रस्त्यावरून आल्यावर कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवणे.

३२/
मोठी काच फोर्कला किंवा हँडलला बसणार असेल, तर डस्टबिनची गोष्ट आठवावी. नव्या काचेनंतर पहिले काही किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर, बेताच्या वेगाने, आणि शक्यतो आडवा वारा नसताना जावे. वेग वाढवताना हँडल हलके डोलू लागले, तर एका झटक्यात ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटर हळू सोडावा, आणि ती काच त्या गाडीसाठी नाही असे समजावे.

३३/
महागडी काच मागवण्याआधी जाड प्लास्टिकच्या पत्र्याचा दोन-तीन इंचांचा पट्टा मूळ काचेच्या कडेवर भक्कम चिकटपट्टीने लावून पाहावा. आधी अर्धा इंच वर, मग एक इंच. वारा पडलेल्या सकाळी, नेहमीचे हेल्मेट आणि नेहमीचे जाकीट घालून, एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने. दर फेरीला एकच गोष्ट बदलावी आणि कागदावर टिपून ठेवावी. ज्या मापाला हेल्मेटमधला नगारा थांबतो, ते माप घेऊन मग दुकानात जावे.